मूत्रपिंडाची गाठ : थांबावे कधी, धावावे कधी?

सुगी तोंडावर आलेली असते आणि घरच्या कर्त्या माणसाला डॉक्टर सांगतात, "मूत्रपिंडात गाठ आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल." अशा वेळी माणसे दोन प्रकारे चुकतात. कोणी घाबरून मिळेल त्या भावाने बैलजोडी विकायला काढतो, तर कोणी "एवढी मळणी होऊ दे, मग बघू," म्हणून महिने घालवतो. म्हणून कोणती गाठ किती थांबू शकते, हे समजून घेणे बरे.

मूत्रपिंडापुरत्याच असलेल्या कर्करोगावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. पण सर्व गाठी सारख्या वेगाने वाढत नाहीत. 4 सेंटिमीटरपर्यंतची, म्हणजे लिंबाएवढी गाठ सरासरीने वर्षाला सुमारे 3 मिलिमीटर वाढते. अशा 5 गाठींपैकी सुमारे 1 कर्करोगाची नसतेही. वृद्ध व अशक्त रुग्णांच्या लहान गाठीवर डॉक्टर काही वेळा ठराविक काळाने तपासणी करून नुसते लक्ष ठेवतात. 2020 साली करोनाच्या साथीत अनेक ठिकाणी लहान गाठींच्या शस्त्रक्रिया काही महिने पुढे ढकलल्या गेल्या, त्यामागेही हाच विचार होता.

मोठ्या गाठीचे गणित वेगळे. 7 सेंटिमीटरहून मोठी, म्हणजे मोसंब्याहून मोठी गाठ किंवा मोठ्या शिरेत शिरलेली गाठ फुप्फुसांत व हाडांत पसरण्याचा धोका अधिक. तेथे हंगाम नव्हे, आठवडे मोजावे लागतात. मधल्या आकाराच्या गाठीबाबत डॉक्टरांनी दिलेली मुदत पाळावी.

पुष्कळदा मोठा उशीर घरातच होतो. लघवीतून रक्त जाते, दुखत काहीच नाही, दोन दिवसांत ते थांबते आणि आपण विसरतो. रक्त थांबले म्हणजे रोग थांबला असे नव्हे. कारण मुतखडा किंवा जंतुसंसर्गही असू शकेल. पण ते तपासणीवाचून कळत नाही.

डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : गाठ केवढी आहे, कोठे पसरली आहे काय, आणि किती आठवडे थांबता येईल? तारीख मिळेपर्यंत तंबाखू व विडी सोडावी, रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नयेत. लघवीत रक्ताच्या गुठळ्या आल्या, लघवी अडली किंवा धाप लागली, तर तारखेची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

एक मूत्रपिंड काढल्यावर माणूस जगेल काय, ही भीती अनेकांना वाटते. 1869 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्टाव्ह सिमोन या शल्यवैद्याने दुसऱ्या एका विकारासाठी एका स्त्रीचे मूत्रपिंड काढले, आणि ती बरी झाली. दुसरे निरोगी असेल तर एकावर संसार चालतो. लहान गाठ असल्यास बहुधा तेवढाच भाग काढून मूत्रपिंड राखताही येते.

शुभवर्तमान लिहिणारा संत लूक वैद्य होता, हे आपण जाणतो. प्रार्थना अवश्य करावी; पण प्रार्थनेच्या नावाखाली तपासणी लांबवू नये. सुगीला शेजारी हात देतील. आपण आधी दवाखाना गाठावा.