अमेरिकेतून निवृत्त होऊन पुण्यात परतायचंय? सोबत मेडिकेअर येत नाही, हे आधी समजून घ्या

रविवारी सकाळी एडिसन, न्यू जर्सीहून मावशीचा फोन आला. "अरे, आम्ही पुण्यालाच येऊन राहावं म्हणतोय. इथलं आता परवडत नाही. तू पेपरात आहेस, जरा नीट बघून सांग."

मावशी 67 वर्षांची, काका 69. दोघंही अमेरिकी नागरिक, 30 वर्षं तिथेच नोकरी. काकांना मधुमेह. एकुलती एक मुलगी सिएटलला.

सवयीने आधी एक्सेल शीट उघडली. घरभाडं, किराणा, वीजबिल, कामवाली बाई. प्रत्येक ओळीत पुणं स्वस्त निघालं. अडलो ते 'आजारपण' या ओळीवर. अमेरिकेतून परतण्याचा विचार करणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांचा निर्णय याच ओळीवर ठरायला हवा.

पेन्शन येते, मेडिकेअर येत नाही

अमेरिकी नागरिकाला सोशल सिक्युरिटीची पेन्शन भारतात राहूनही मिळते. पण 65 वर्षांनंतर मिळणारा मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा, काही मोजके अपवाद सोडले तर, अमेरिकेबाहेरच्या उपचारांचा खर्च देत नाही. पुण्यात बायपास झाली तर बिल स्वतःच्या खिशातून किंवा भारतातल्या विम्यातून भरायचं.

भारतात विमा मिळतो का?

मिळतो. पूर्वी अनेक कंपन्या 65 वर्षांनंतर नवी पॉलिसी देत नसत. एप्रिल 2024 पासून विमा नियामक 'इर्डा'ने ही वयोमर्यादा काढली. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही शून्य झाला.

मेख आहे ती प्रतीक्षा काळात. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त 3 वर्षं क्लेम नाकारू शकते. म्हणजे काकांनी आज पॉलिसी घेतली, तर मधुमेहाशी संबंधित खर्चासाठी 3 वर्षं थांबावं लागू शकतं. गुडघा, मोतीबिंदू अशा ठरावीक उपचारांनाही प्रतीक्षा काळ असतो. मधुमेह लपवून पॉलिसी घेतली, तर ऐन वेळी क्लेम फेटाळला जाण्याची भीती.

70 वर्षांवरील सर्वांसाठी 5 लाखांचं आयुष्मान कार्ड आहे ना, असं मावशीने विचारलं. ती योजना भारतीय नागरिकांसाठी आहे. ओसीआय कार्ड हा आजीवन व्हिसा आहे, नागरिकत्व नाही. त्यामुळे त्या 5 लाखांवर गणित मांडू नये.

मग अमेरिकेतच राहिलेलं बरं?

इथे दुसरी बाजू येते. मेडिकेअर आजारावर उपचार करतं, पण रोजची देखभाल करत नाही. अंघोळ घालणं, जेवण भरवणं, रात्री सोबत असणं यासाठी दीर्घकाळ माणूस लागला, तर तो खर्च मेडिकेअरमध्ये बसत नाही. जेनवर्थ आणि केअरस्काउटच्या 2024 च्या पाहणीनुसार अमेरिकेत असिस्टेड लिव्हिंगचा मध्यम खर्च माणशी वर्षाला 70,800 डॉलर होता. डॉलर 90 रुपयांचा धरला तर हे सुमारे 64 लाख रुपये.

आमच्या आजीसाठी ब्युरोतून मावशी यायच्या, 12 तासांचे 800 रुपये घ्यायच्या. दिवस-रात्र दोन पाळ्या धरल्या तरी वर्षाचे पावणेसहा लाख. घर आणि जेवण वेगळं, तरीही फरक मोठा आहे.

थोडक्यात, उपचारांची हमी तिकडे जास्त आणि देखभाल इकडे स्वस्त. साठीत पहिलं महत्त्वाचं वाटतं, ऐंशीत दुसरं.

परतीचा दरवाजा: पार्ट बी

मेडिकेअरचा पार्ट ए मुख्यतः हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावर लागतो. 10 वर्षं नोकरी करून कर भरलेल्यांना तो मोफत असतो. डॉक्टरांच्या भेटी आणि तपासण्या पार्ट बीमध्ये येतात. 2026 मध्ये त्याचा मूळ हप्ता दरमहा 202.90 डॉलर आहे. दोघांचे वर्षाला सुमारे 4 लाख 38 हजार रुपये.

वापरायचाच नाही तर भरायचा कशाला, म्हणून अनेक जण तो बंद करतात. मात्र पुढे परत सुरू करायचा झाला, तर बंद ठेवलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 10 टक्के दंड लागतो. 5 वर्षं बंद ठेवला तर हप्ता दीडपट, आणि हा दंड पार्ट बी चालू असेपर्यंत भरायचा. शिवाय नोंदणी साधारणपणे फक्त जानेवारी ते मार्च. एप्रिलमध्ये आजारी होऊन परत गेलात, तर पुढच्या जानेवारीची वाट बघायची.

निघण्याआधी हे करा

• भारतभेटीतच वैद्यकीय तपासणी करून पॉलिसी घ्या. प्रतीक्षा काळ तेव्हापासून मोजला जातो. ओसीआय कार्डधारकांसाठीच्या अटी कंपनीकडून लेखी घ्या आणि नूतनीकरण चुकवू नका.
• पहिल्या 3 वर्षांच्या उपचारांसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवा.
• पार्ट बी लगेच बंद करू नका.
• ग्रीन कार्डवर असाल तर वेगळा सल्ला घ्या. वर्षाहून जास्त बाहेर राहिल्यास कार्ड धोक्यात येऊ शकतं.
• अमेरिकी नागरिकाला भारतात राहूनही अमेरिकेचं टॅक्स रिटर्न सुटत नाही. अमेरिकेबाहेरच्या खात्यांत मिळून 10,000 डॉलरहून जास्त रक्कम असेल, तर त्याची माहितीही दरवर्षी द्यावी लागते. दोन्हीकडचे नियम माहीत असलेला सीए गाठा.

एक्सेलमध्ये न बसणारा प्रश्न

हे सगळं मावशीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण रात्री दोन वाजता काकांना काही झालं, तर हॉस्पिटलात सही कोण करणार?" मुलगी सिएटलला. पुण्यात मी आहे, पण माझीही नोकरी उद्या बंगळुरूला गेली तर?

शेवटी त्यांनी ठरवलंय ते असं: एडिसनचं घर विकायचं नाही. नोव्हेंबरपासून 6 महिने कोथरूडमध्ये भाड्याने राहून बघायचं. पार्ट बी चालू ठेवायचा आणि आल्या आल्या विम्याची तपासणी करून घ्यायची. फ्लॅट मी शोधतोय. मावशीची अट एकच, लिफ्ट हवी आणि हॉस्पिटल रिक्षाने 10 मिनिटांवर हवं.