जुनी शिडाची होडी: पारख आणि दुरुस्ती

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पंचवीस-तीस फुटी शिडाची जुनी होडी पुष्कळदा जुन्या मोटारीच्या किमतीत मिळते. कधी कधी तर मालक ती फुकटही देऊन टाकतो. याचे कारण फायबरग्लास, म्हणजे काचतंतू आणि रेझिन यांच्या थरांचे कवच. लाकडी होडीची निगा राखली नाही तर ती कुजते. फायबरचे कवच कुजत नाही. 1959 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात ऱ्होड आयलंडच्या पिअरसन या चुलतभावांनी ‘ट्रायटन’ ही 28 फुटी होडी मांडली. तिचा आराखडा कार्ल अल्बर्ग यांचा होता. पुढे सातशेहून जास्त ट्रायटन बनल्या आणि मध्यमवर्गाला परवडणाऱ्या होड्या साच्यातून काढण्याचा धंदा जोरात सुरू झाला. 1960 आणि 70 च्या दशकांतल्या त्या होड्यांपैकी अनेकींची कवचे आजही शाबूत आहेत. मालक मात्र थकले, मुलांना हौस उरली नाही, आणि धक्क्याचे भाडे फुटाच्या हिशेबाने भरावे लागतेच. होडी टिकते आणि खर्च थांबत नाही, म्हणून ती स्वस्तात निघते.

खरेदीचा चांगला काळ म्हणजे हंगामाचा शेवट. थंड प्रदेशात पाणी गोठण्याआधी होडी क्रेनने बाहेर काढून आवारात ठेवावी लागते. हिवाळ्याचे हे बिल समोर दिसू लागले की मालक भाव सोडतो. धर्मादाय संस्थांना दान मिळालेल्या होड्या, वादळात सापडून विमा कंपनीच्या हाती आलेल्या होड्या, भाडे थकल्यामुळे मरीनाने लिलावात काढलेल्या होड्या, हेही स्वस्त खरेदीचे मार्ग आहेत. अशा व्यवहारात कागदपत्रांकडे आधी पाहावे लागते. 1 नोव्हेंबर 1972 नंतर अमेरिकेत बनलेल्या प्रत्येक होडीच्या मागच्या फळीवर उजव्या बाजूला 12 अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक कोरलेला असतो. तो मालकीच्या कागदाशी जुळला पाहिजे आणि होडीवर कोणाचे कर्ज नाही याची खात्री झाली पाहिजे. फुकट मिळणाऱ्या होडीबाबत तर ही सावधगिरी दुप्पट हवी. एकदा ती नावावर झाली की तिचे भाडे नव्या मालकाचे, आणि दुरुस्ती जमली नाही तर तिचे तुकडे करून विल्हेवाट लावण्याचा मोठा खर्चही त्याचाच.

पहिली होडी लहान घ्यावी, असे जाणकार सांगतात ते केवळ शिकण्याच्या सोयीसाठी नाही. लांबी थोडी वाढली की वजन कितीतरी वाढते. कॅलिफोर्नियात फ्रँक बटलर यांनी सुरू केलेल्या कॅटलिना कंपनीची 22 फुटी होडी सुमारे एक टन वजनाची आहे, तर त्याच कंपनीची 30 फुटी होडी साडेचार टनांच्या घरात जाते. शिडे, दोर, नांगर, रंग, इंजिन हे सगळे या वजनाच्या मागे वाढत जाते. 22 फुटी होडी ट्रेलरवर चढवून अंगणात नेता येते आणि सवडीने दुरुस्त करता येते. 30 फुटीला दर खेपेला क्रेन लागते. 22 फुटी कॅटलिना 15 हजारांहून जास्त बनल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग अजून मिळतात आणि तिची दुखणी सर्वांना माहीत आहेत. अशी भरपूर खपलेली जात घेणे केव्हाही शहाणपणाचे. एकुलत्या एका देखण्या होडीच्या मोहात पडलेला माणूस पुढे एका खिडकीच्या चौकटीसाठी वर्षभर हिंडतो.

होडी तपासताना मुख्य प्रश्न एकच: पाणी कुठे शिरले आहे? फायबर कुजत नाही हे खरे, पण डेक निव्वळ फायबरचे नसते. वजन कमी राहावे आणि पायाखाली डेक लवू नये म्हणून फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा हे हलके लाकूड किंवा प्लायवूड भरलेले असते. या डेकला बोल्टसाठी अनेक भोके पाडलेली असतात. कठड्याचे खांब, दोर बांधायचे खुंटे, कप्प्या, सगळे बोल्टनेच बसवलेले. बोल्टभोवतीचे सील दहा-पंधरा वर्षांत सुकते, त्यातून थेंब थेंब पाणी आत झिरपते आणि बाल्साचा लगदा होतो. वरून रंग चकचकीत असला तरी आत काय आहे ते आवाज सांगतो. प्लॅस्टिकच्या हातोडीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने डेकवर वीतभर अंतराने ठोकत जावे. सुक्या जागी टणक, खणखणीत आवाज येतो. थर सुटलेले असतील किंवा लाकूड कुजलेले असेल तिथे तो बद्द होतो. त्या जागेभोवती खडूने रेघ ओढत गेले की अर्ध्या तासात डेकचा नकाशा तयार होतो. खुंट्याभोवती तळहाताएवढी जागा बद्द वाजली तर ते एका सुट्टीचे काम आहे. डोलकाठीभोवतीचे सगळे डेक बद्द वाजत असेल तर तिथेच नमस्कार करून निघावे.

सुकाणूचे पातेही बहुधा असेच, दोन कवचांमध्ये फोम भरलेले असते. होडी पाण्याबाहेर काढून दोन दिवस झाल्यावरही त्याच्या खालच्या कडेतून पाणी ठिबकत असेल तर आतल्या पोलादी पट्ट्या गंजत आहेत असे धरावे. तळाला कील, म्हणजे शिसे किंवा बिडाचे जड वजन, बोल्टने जोडलेले असते. त्या सांध्यावर बारीक तडा दिसला तर तो नुसत्या पुट्टीचा आहे की त्यातून गंजाचे पाणी ओघळले आहे, हे पाहावे. 22 फुटी कॅटलिनाच्या काही होड्यांत हेच कील पोलादी दोरीने वर उचलता येते. तिथे ती दोरी आणि कील ज्यावर फिरते तो पिन तपासावा.

डोलकाठी उभी धरणाऱ्या स्टेनलेस तारा दिसायला नव्यासारख्या असतात, आणि तेच फसवे असते. त्या टोकाशी, जिथे नळीत दाबून बसवलेल्या असतात तिथे, आतून झिजतात. कापूस किंवा जुना पायमोजा तारेवरून फिरवला की तुटलेला एखादा तंतूही त्यात अडकतो. दहा-पंधरा वर्षांच्या तारा सरसकट बदलाव्यात असा संकेत आहे आणि अनेक विमा कंपन्या तसा आग्रह धरतात. या तारा ज्या पट्ट्यांना बांधतात त्या डेकमधून खाली उतरतात. डेकच्या जाडीत अडकलेल्या ओलाव्याला हवा मिळत नाही, आणि हवेविना स्टेनलेसही खड्डे पडून गंजते. पट्टी बाहेर काढल्याशिवाय ते दिसत नाही. डोलकाठी पडली तर माणसाच्या जिवावर बेतते, म्हणून इथे काटकसर करू नये.

होडीच्या पोटातले इंजिन हा सर्वात महाग भाग. नवे लहान डिझेल इंजिन बसवण्याचा खर्च जुन्या होडीच्या किमतीहून सहज जास्त होतो. म्हणून इंजिन थंड असताना, स्वतःसमोर सुरू करून पाहावे. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते आहे किंवा इंजिनावर ताण आहे. जुन्या अमेरिकन होड्यांत ‘अ‍ॅटॉमिक फोर’ हे पेट्रोलचे इंजिन अजून भेटते. ते साधे आणि दुरुस्तीला सोपे आहे, पण पेट्रोलची वाफ होडीच्या तळाशी साचते. सुरू करण्याआधी पंखा चालवून ती बाहेर काढावीच लागते. लहान होडीला मागे टांगायची आउटबोर्ड मोटर पुरते. ती चालू असताना थंड करणाऱ्या पाण्याची धार सलग पडली पाहिजे आणि गिअरचे तेल स्वच्छ निघाले पाहिजे. पुष्कळदा ‘बंद’ म्हणून मातीमोल विकलेल्या मोटरीचा दोष एवढाच असतो की जुन्या पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसलेला असतो. कार्बोरेटर उघडून साफ करणे हे घरच्या टेबलावरचे काम आहे.

एवढे पाहूनही होडी मनात भरली तर ठरलेल्या रकमेचा थोडा भाग इसार म्हणून द्यावा आणि उरलेला व्यवहार व्यावसायिक तपासनिसाच्या अहवालावर आणि पाण्यातल्या चाचणीवर अवलंबून ठेवावा. तपासनिसाची फी वाया जात नाही: अहवालातले दोष दाखवून भाव कमी होतो, आणि तोच अहवाल पुढे दुरुस्तीची यादी बनतो.

घरच्या दुरुस्तीचा मोठा आधार म्हणजे इपॉक्सी रेझिन. मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंनी 1969 मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे ‘वेस्ट सिस्टिम’ इपॉक्सी हौशी कारागिरांपर्यंत पोचले आणि लाकूड-फायबरचे काम घरोघरी होऊ लागले. लाकूड आणि फायबर एकजीव करण्याची विद्या महाराष्ट्र-गोव्यालाही परकी नाही. कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती होडी गोव्यात दिवाडी बेटावरच्या कारखान्यात अशीच बनली. कारखान्यातल्या होड्या मात्र मुख्यतः पॉलिएस्टर रेझिनच्या असतात, आणि दोन्हींतला फरक ध्यानात ठेवावा लागतो. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्टचे थेंब थोडे कमी-जास्त करून घट्ट होण्याचा वेग बदलता येतो. इपॉक्सीचे तसे नाही. त्यात हार्डनरचे प्रमाण चुकले तर मिश्रण कायमचे चिकट राहते आणि खरवडून काढावे लागते. शिवाय खोल डब्यात जास्त इपॉक्सी एकदम कालवले तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून धुरकटते. थोडे थोडे कालवून पसरट भांड्यात ओतावे.

डेकमधल्या बोल्टच्या भोकाची दुरुस्ती हे शिकण्यासाठी उत्तम काम. खुंटा काढून भोक सुकू द्यावे. एक खिळा टोकाशी काटकोनात वाकवून ड्रिलमध्ये धरावा आणि भोकात फिरवावा. वरखालचे फायबर तसेच राहते आणि मधले ओले लाकूड बोटभर आतपर्यंत भुगा होऊन बाहेर पडते. कोरडा, पांढरट भुगा येईपर्यंत हे चालू ठेवावे. मग खालून चिकटपट्टी लावून आधी पातळ इपॉक्सी ओतावे, म्हणजे लाकडाची कड ते पिऊन घेते. त्यानंतर सिलिकाची पूड घालून लोण्याइतके दाट केलेले इपॉक्सी भरावे. दुसऱ्या दिवशी त्या भरावाच्या मधोमध नवे भोक पाडावे. आता बोल्ट लाकडातून जात नाही, घट्ट इपॉक्सीतून जातो. पुढे कधी सील सुटले तरी पाणी बाल्सापर्यंत पोचत नाही. बोल्ट बसवताना भोकाचे तोंड किंचित पसरट करून त्यात ब्यूटिल टेपची गुंडाळी दाबावी. कायमचे चिकटवणारे पॉलियुरेथेन इथे वापरू नये, कारण पुढच्या वेळी खुंट्याबरोबर डेकचा थरही उखडून येतो.

मोठी जागा कुजली असेल तर वरचा थर कापून उचलावा, लगदा काढावा, नवे बाल्सा बसवावे आणि कापलेला थर पुन्हा जोडावा. जोडाच्या दोन्ही कडा जाडीच्या बारा पट रुंदीपर्यंत उतरत्या घासाव्या लागतात: थर 5 मिलिमीटरचा असेल तर उतार 60 मिलिमीटरचा. हे घासणे कंटाळवाणे आहे, पण जोडाची ताकद त्यातच आहे. इपॉक्सी वाळल्यावर त्यावर मेणासारखा पापुद्रा येतो. तो पाण्याने धुऊन मगच पॉलिश पेपर मारावा, नाहीतर पुढचा थर धरत नाही.

तळाला आलेल्या फोडांची नवख्याला फार भीती वाटते. पाणी बाहेरच्या लेपातून अतिसूक्ष्म प्रमाणात आत जाते, रेझिनमधल्या विरघळणाऱ्या द्रव्यांशी मिसळते आणि दाब वाढून फोड उठतो. फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो. थोडेसे फोड असतील तर ते उघडून, धुऊन, पूर्ण सुकवून इपॉक्सीने भरता येतात. सगळा तळ फोडांनी भरला असेल तर सुकवण्यातच महिने जातात. फोडांनी होडी सहसा बुडत नाही, आणि भाव पाडायला मात्र ते विकत घेणाऱ्याच्या उपयोगी पडतात.

सामान जुने घेण्यात तारतम्य लागते. मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसचे ‘बेकन’ हे दुकान वापरलेल्या शिडांसाठी ओळखले जाते. इंग्लंडमध्ये ब्यूलीला होडीच्या जुन्या सामानाचा मोठा बाजार भरत असे. मुंबईत दारूखान्याला तोडलेल्या जहाजांचे सामान विकले जाते, पण त्यातले बहुतेक लहान होडीला फार मोठे आणि जड पडते. नांगर, ब्राँझचे खुंटे, कप्प्या, विंच खुशाल जुने घ्यावे. जाम झालेले विंच उघडून रॉकेलने धुतले, दातांमागच्या बारीक स्प्रिंगा बदलल्या आणि हलके ग्रीस लावले की पुन्हा वर्षानुवर्षे चालते. शीड घेताना तिन्ही कडा मोजाव्यात आणि शिवण नखाने ओढून पाहावी. उन्हाने आधी दोरा जातो आणि तो पुन्हा शिवता येतो. कापडच जुन्या धोतरासारखे मऊ पडले असेल तर ते शीड वाऱ्यात आकार धरत नाही. जीवरक्षक जाकीट, संकटाची खूण करणारे फ्लेअर, डोलकाठीच्या तारा आणि गॅसच्या नळ्या जुन्या घेऊ नयेत.

तळाचा जुना रंग खरवडताना कोरडा घासू नये. शेवाळ आणि शंखशिंपले मारण्यासाठी त्यात तांबे असते, आणि फार जुन्या थरांत कथिलाची विषारी संयुगेही असू शकतात. लहान होड्यांसाठी अमेरिकेने 1988 मध्ये त्यांवर बंदी घातली. पाणी मारत घासावे, नाकातोंडावर चांगला मास्क असावा, खाली ताडपत्री अंथरावी. दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग फवाऱ्याने मारणे घरच्या कारागिराने टाळावे, कारण त्यातली आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करतात. रोलरने रंग लावत जावा आणि मागून दुसऱ्याने कोरड्या ब्रशने हलका हात फिरवावा. फिनिश फवाऱ्याच्या तोडीचे येते.

होडी पाण्यात सोडण्याआधी तळाच्या भोकांवरचे सगळे व्हॉल्व्ह उघडझाप करून पाहावेत. पितळेचे व्हॉल्व्ह खाऱ्या पाण्यात जस्त गमावून गुलाबी आणि ठिसूळ होतात. तसा रंग दिसला तर ते काढून ब्राँझचे बसवावेत. क्रेनवाल्याला पट्टे लगेच सोडू देऊ नयेत. होडी तरंगू लागली की आत उतरून प्रत्येक व्हॉल्व्ह, शाफ्टचे सील आणि कीलचे बोल्ट हाताने चाचपावेत. कुठे ओल लागली तर पट्टे आहेत तोवर होडी पुन्हा वर उचलता येते.