पेनापुरते लाकूड

2018च्या जून महिन्यात दिल्लीच्या सरोजिनी नगरात लोक झाडांना कवटाळून उभे राहिले होते. केंद्र सरकारी नोकरांच्या सात जुन्या वसाहती पाडून तिथे उंच इमारती बांधायच्या, या योजनेला 2016 साली मंत्रिमंडळाने मंजुरी दिली होती. सातही वसाहती मिळून 14,000हून अधिक झाडे जाणार होती. त्यांपैकी 11,000च्या आसपास एकट्या सरोजिनी नगरातली, असे तेव्हाच्या बातम्या सांगत होत्या. 25 जूनला दिल्ली उच्च न्यायालयाने तोड तात्पुरती थांबवली. तोवर शेजारच्या नौरोजी नगरात बरीच झाडे आडवी झाली होती. झाडे वाचवण्याची ती लढाई योग्यच होती. तिच्या बातम्या वाचताना माझ्या मनात मात्र आणखी एक प्रश्न घर करून राहिला: शहरात पडलेल्या, छाटलेल्या, तोडलेल्या झाडाच्या लाकडाचे पुढे काय होते? बहुतेक वेळा उत्तर एकच असते. त्याचे सरपण होते.

हा प्रश्न पेनाच्या बाजूने पाहिला की निराळाच दिसू लागतो. हाताने कातलेल्या लाकडी पेनाला लागतो तो सुमारे तेरा सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर जाड चौकोनी ठोकळा. अगदी जड लाकडाचा घेतला तरी त्याचे वजन साठ ग्रॅमच्या आसपास भरते. त्यातून सडपातळ बॉलपेन कातले की हातात उरते ते पाच-सात ग्रॅम लाकूड. बाकीचे सगळे भोकातून आणि पटाशीखालून भुसा होऊन जाते. लाकडाच्या फार थोड्या कामांना इतके कमी लाकूड पुरते. तरीही जगभर या कामासाठी मागितली जातात ती सर्वांत दुर्मिळ लाकडे.

त्यामागे कारणे आहेत. टांझानिया-मोझांबिककडचे आफ्रिकन ब्लॅकवुड, ज्याची क्लॅरिनेट आणि ओबो ही वाद्ये करतात, ते घनमीटरला 1,200 किलोच्या वर भरते आणि पाण्यात टाकले की थेट तळाशी जाते. दक्षिण अमेरिकेचे स्नेकवुड साधारण तितकेच जड. मध्य अमेरिकेचे कोकोबोलो घनमीटरला 1,100 किलोच्या आसपास. वेस्ट इंडीजकडचे लिग्नम व्हायटी इतके घट्ट आणि तेलकट की एके काळी जहाजाच्या पंख्याच्या दांड्याचे बेअरिंग त्याचे करत. पाण्याखाली त्याला वेगळे वंगण लागत नसे. आपला साग घनमीटरला साधारण 650 किलोचा, यावरून फरक लक्षात यावा. अशा लाकडाची रंध्रे जवळजवळ दिसतच नाहीत. धारदार पटाशी नीट लागली तर पॉलिश पेपर फिरवण्याआधीच ते चमकते. भिंत एखाद-दीड मिलिमीटर उरली तरी कड ढासळत नाही, आणि पेन हातात भरीव लागते.

पण घट्टपणाची किंमत लेथवर मोजावी लागते. ठोकळ्याला मधोमध सात मिलिमीटरचे भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवायची असते. जड लाकडात ड्रिल तापते, आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि आबनुसाला आतून तडा जातो. हा तडा त्या वेळी दिसत नाही. पेन तयार होऊन एखादा उन्हाळा गेला की तो वर येतो. म्हणून ड्रिल हळू चालवायचे, थोडे आत गेले की बाहेर काढून भुसा झटकायचा, पुन्हा आत घालायचे. कोकोबोलोसारख्या तेलकट लाकडात गोंदच धरत नाही. भोक आतून अ‍ॅसिटोनने पुसून लगेच नळी बसवावी लागते. मग नळीच्या टोकाशी ठोकळ्याचे तोंड काटकोनात साफ करायचे, सळईवर चढवायचे आणि कातायला घ्यायचे. पॉलिश पेपर 220 नंबरपासून 600पर्यंत, त्यापुढे मायक्रोमेशच्या कापडी पट्ट्या 1,500पासून 12,000पर्यंत. प्रत्येक नंबरानंतर लेथ थांबवून रेषेच्या दिशेने हात फिरवायचा, नाहीतर गोल ओरखडे राहतात आणि चकाकी आली की तेच आधी डोळ्यांत भरतात. या लाकडांची धूळही साधी नाही. कोकोबोलोच्या धुळीने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठते, काहींना दम लागतो. मास्क न लावता हे काम करणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही, मग त्याचा हात कितीही सफाईचा असो.

दिल्लीत यावर हवामानाची आणखी एक परीक्षा असते. मे-जूनची लू लाकडातला ओलावा शोषून घेते आणि जुलै-ऑगस्टचा दमटपणा तो परत भरतो. कोकणात कातलेले पेन दिल्लीत आणले की ते आकसते, आणि आतली पितळी नळी मात्र आकसत नाही. मग लाकडाला फाटण्यावाचून पर्याय राहत नाही. लाकूड आकसते तेही सगळीकडून सारखे नाही: वाढीच्या कड्यांच्या बाजूने जेवढे, त्याच्या साधारण निम्मे कड्यांना छेदून. म्हणून हा धंदा मुळात लाकूड नीट वाळेपर्यंत वाट पाहण्याचा आहे.

आता कायदा. मेट्रोच्या गुलाबी मार्गावर सरोजिनी नगरच्या एका बाजूचे स्टेशन भिकाजी कामा प्लेस, दुसऱ्या बाजूचे दिल्ली हाट. भिकाजी कामा प्लेसला वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोचे मुख्यालय आहे. रक्तचंदनासारख्या लाकडाची तस्करी रोखणे हे त्याच्या कामांपैकी एक. दिल्ली हाटात 1994पासून देशभरचे कारागीर आपला माल घेऊन बसतात. कायदा आणि कारागिरी यांच्या मधोमध सरोजिनी नगर आहे, आणि पेन कातणाऱ्यालाही दोन्हींची ओळख हवी. शिसवाच्या कुळातली जवळजवळ सगळी झाडे, म्हणजे आफ्रिकन ब्लॅकवुड, आपला काळा शिसव आणि उत्तरेतला शिसू, 2 जानेवारी 2017पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली, म्हणजे परदेशी व्यापाराला परवाना लागू लागला; कोकोबोलो 2013पासूनच त्यात होते. ब्राझीलचा शिसव तर 1992पासून पहिल्या परिशिष्टात आहे, त्याचा व्यापारच बंद. शिसू मात्र आपल्याकडे शेताच्या बांधावर आणि रस्त्याकडेला लावला जातो. सहारनपूरचे नक्षीकाम त्याच्यावर उभे आहे. यादीत आल्यावर अशा वस्तूंची निर्यात वर्षाला सुमारे 1,000 कोटी रुपयांवरून 500-600 कोटींवर घसरली, असे सरकारने सांगितले. भारताने हा मुद्दा लावून धरला, आणि नोव्हेंबर 2022मध्ये पनामाच्या परिषदेत दिलासा मिळाला: शिसूची प्रत्येक वस्तू दहा किलोपेक्षा हलकी असेल तर तिला साइट्सचा परवाना नको. पाच-सात ग्रॅमच्या पेनाची चिंताच मिटली.

परदेशी लाकूड वापरूच नये, असे माझे म्हणणे नाही. टांझानियातल्या किल्वा भागात गावकरीच आपल्या जंगलातले ब्लॅकवुड जपतात आणि विकतात. 2009मध्ये त्यांच्या जंगलाला एफएससी प्रमाणपत्र मिळाले. असे लाकूड कागदपत्रांसह आले तर त्याने जंगल टिकते. पण ठोकळ्यावर फक्त ‘एक्झॉटिक’ लिहिलेले असेल, झाडाचे नाव आणि देश नसेल, तर तो घेऊ नये.

शिवाय दिल्लीकडे स्वतःचे घट्ट परदेशी लाकूड आहेच, आणि वनखात्यालाही ते नको आहे. विलायती कीकर मेक्सिको आणि मध्य-दक्षिण अमेरिकेकडून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आला. नव्या राजधानीच्या उभारणीच्या काळात इंग्रजांनी तो अरवलीच्या उजाड टेकाडांवर लावला. आज दिल्लीच्या रिजवर जिकडे पाहावे तिकडे तोच आहे. त्याच्या खाली दुसरे फारसे काही उगवत नाही, म्हणून तो हटवून धौ, ढाक, कैर अशी मूळची झाडे लावण्याचे प्रयत्न चालू आहेत. महाराष्ट्रात हीच वेडी बाभूळ. सोलापूर-मराठवाड्याच्या पडीक रानात तिचे रान माजते आणि कोळशाच्या भट्टीत ते संपते.

सुतार तिला हात लावत नाही. खोड वाकडे, काटे विषारी म्हणावेत असे, सलग फळी निघत नाही, पोटात कीड आणि भेगा. हे सगळे दोष फळीचे आहेत. तेरा सेंटिमीटरच्या तुकड्याला त्यातला एकही आड येत नाही. तिच्याच कुळातले मेस्किट हे टेक्सासच्या पेन कातणाऱ्यांचे लाडके लाकूड, आणि त्याचे कारण दिल्लीसाठी अगदी मोलाचे आहे: ते कमालीचे कमी आकसते. कड्यांच्या बाजूने तीन टक्क्यांच्या आसपास, कड्यांना छेदून त्याच्या निम्मे. लू आणि पाऊस यांच्या ओढाताणीत टिकायला याहून योग्य लाकूड सापडणे अवघड. रंग सुरुवातीला पिवळट तपकिरी, मग उजेडाने तांबूस होत जातो. ब्लॅकवुडइतके ते जड नाही, पण सागापेक्षा बरेच घट्ट आहे.

महाराष्ट्रातल्या लाकडांची यादीही गरीब नाही. खानदेशातल्या डोंगरांवरचा अंजन भारतातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक, पाण्यात बुडणारा. ज्या टेंभुर्णीची पाने विडीला जातात, तिच्या जुन्या खोडात काळाभोर गाभा मिळतो आणि तो आबनूसच असतो. खैर, बाभूळ, चिंचेचा गाभा ही आणखी तीन. अंजन किंवा खैर जंगलातून आणायला परवानगी लागते आणि लागलीच पाहिजे. जुन्या वाड्याच्या मोडक्या तुळईतून मात्र शंभरेक पेने सहज निघतील, आणि ते लाकूड कित्येक पिढ्या वाळलेले असेल.

पॉलिशच्या बाबतीत आपण आपलेच विसरलो आहोत, याचे मला खरे वाईट वाटते. हौशी मंडळी हल्ली पेनावर फेव्हिक्विकच्या जातीच्या गोंदाचे थरावर थर देतात. झळाळी काचेसारखी येते, पण बोटांना लागते ते प्लॅस्टिक. परदेशी छोट्या बाटल्यांत ‘फ्रिक्शन पॉलिश’ म्हणून जे महाग मिळते, त्यात मुख्यतः लाख असते, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. ती लाख पळस, बोर आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडे तयार करतात आणि तिचे मोठे उत्पादन झारखंड-छत्तीसगडात होते. सावंतवाडीचे कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. चन्नपट्टणात ती केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकचकीत करतात. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची; तीच लाख घट्ट लाकडावर आणखी पातळ आणि सपाट बसते. तिची एक मर्यादा सांगितली पाहिजे: स्पिरिटने ती विरघळते, म्हणून सॅनिटायझर लावलेल्या हातात असे पेन लगेच धरू नये. लिग्नम व्हायटी किंवा अंजनासारख्या लाकडाला तर नुसते मेण चोळले तरी पुरते.

शाईच्या पेनाला आणखी एक काळजी घ्यावी लागते. लाकडात पाडलेले आटे फार दिवस टिकत नाहीत आणि शाई लागली की लाकूड फुगते. म्हणून आटे आणि शाईची टाकी एबोनाइटची घेऊन लाकूड वरून बसवतात. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, आणि हाताने कातलेल्या भारतीय पेनाचे मूळ तेच. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी पाठवलेल्या स्वदेशी पेनाबद्दल गांधीजींनी 1935मध्ये त्यांना पत्र लिहिले होते. पुण्याच्या फॉस्फरसारख्या छोट्या कारखान्यांत आजही पेने एकेक करून कातली जातात.

ज्याला कीकरचे पेन करून पाहायचे असेल, त्याने हिवाळ्यात छाटलेली फांदी मागून घ्यावी. मनगटाहून जाड, सरळ वीतभर तुकडा पुरे. उभा चिरून गाभ्याचे ठोकळे करावेत, अगदी मधला बिंदू टाकून द्यावा, कारण भेग तिथूनच सुरू होते. दोन्ही टोके वितळलेल्या मेणात बुडवावीत, वजन करून त्यावर पेन्सिलीने लिहावे आणि सावलीत ठेवावेत. दर महिन्याला वजन घ्यावे. ते घटायचे थांबले की भोक पाडायला हरकत नाही. दिल्लीत ती वेळ बहुधा पुढच्या दिवाळीच्या सुमारास येते.