प्रश्नातून प्रश्नाकडे

एखाद्या जाणकारास अपुरा प्रश्न विचारला, तर तो उलट प्रश्न करून विचारणाऱ्याचे मनोगत जाणून घेतो. आंतरजालावर शोध घेताना मात्र हे काम बहुधा शोधणाऱ्यालाच करावे लागते.

पुस्तकाच्या शेवटी कधी कधी शब्दसूची असते. कोणता शब्द कोणत्या पानावर आला आहे, हे तिच्यावरून कळते. शोधयंत्राजवळही अशीच, परंतु कोट्यवधी पानांची सूची असते. अलीकडची शोधयंत्रे समानार्थी शब्दही ओळखतात. तथापि जे लिहिलेच नाही, ते त्यांना कसे कळावे?

समजा, एका मुलीच्या परसातील लिंबाच्या झाडाची पाने पिवळी पडू लागली. तिने 'लिंब पिवळे' एवढेच शब्द लिहिले. उत्तरांत कोठे कडुलिंबाचे वर्णन आले, तर कोठे लिंबाच्या लोणच्याची कृती! मग तिने विचारले, 'लिंबाच्या झाडाची पाने पिवळी का पडतात?' आता कारणे समोर आली. नत्र कमी पडल्यास जुनी पाने आधी पिवळी होतात. लोह कमी पडल्यास कोवळी पाने पिवळी होतात, पण त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. हे वाचून ती परसात गेली आणि तिने झाड निरखून पाहिले. कोवळी पानेच पिवळी होती व शिरा हिरव्या होत्या. तिसऱ्या प्रश्नात तिने हे सारे लिहिले. तेव्हा तिला कळले की, चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते नीट शोषून घेता येत नाही.

'शिरा' आणि 'लोह' हे शब्द तिला आरंभी सुचलेच नसते. ते आधीच्या उत्तरांनी दिले. उलट, 'लिंबाला नत्र किती द्यावे?' असेच तिने प्रथम विचारले असते, तर त्याचेही उत्तर मिळाले असते. पण झाडाचा रोग तसाच राहिला असता.

मार्शिया बेट्स या अमेरिकन विदुषीने १९८९ साली अशा शोधाला रानफळे वेचण्याची उपमा दिली. करवंदे वेचणाऱ्याची टोपली एकाच जाळीवर भरत नाही. थोडी येथे, थोडी तेथे वेचीत तो पुढे जातो. ज्ञानाचेही तसेच आहे. शोध घेताना कधी शब्द वाढवावा, कधी गाळावा, कधी बदलावा. प्रश्न बदलावा लागणे हा पराभव नव्हे. आपण काही शिकलो, याची ती खूण होय.