तापीतले धातू, समुद्रातली अंडी

जळगाव-धुळ्यात समुद्र नाही. पण गिरणा, वाघूर, पांझरा तापीला मिळतात आणि ७२४ किलोमीटरची तापी सुरतजवळ अरबी समुद्राला. सांडपाणी, कोळशाची राख, फेकलेल्या बॅटऱ्या यांतून नदीत उतरलेले जड धातू नष्ट होत नाहीत. ते गाळात साठतात, पुरासोबत समुद्राकडे सरकतात. तिथल्या अंड्यांवर त्यांचा परिणाम असा :

● उघडी अंडी : कालवं, सी-अर्चिन (काटेरी समुद्री प्राणी) यांच्या अनेक जातींचं फलन उघड्या पाण्यात होतं. त्यामुळे अंडपेशीचा धातूंशी थेट संपर्क येतो.

● पारा : प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतो. विकरं निकामी होतात, पेशीविभाजन अडतं.

● कॅडमियम : कॅल्शियमच्या वाटेने पेशीत शिरतो. फलनानंतर अंड्याला जागं करणारा इशारा कॅल्शियमचाच असतो, त्यात अडथळा येऊ शकतो.

● तांबं : अल्प प्रमाणात आवश्यक, जास्त झालं की पेशीपटल आणि डीएनएला इजा, शुक्राणू मंद.

● बचाव : मेटॅलोथायोनिन ही प्रथिनं धातू बांधून ठेवतात, पण त्यांनाही मर्यादा आहे.

● कसोटी : कालवं, सी-अर्चिन यांचे भ्रूण इतके संवेदनशील, की पाण्याची विषारिता तपासायला जगभर वापरले जातात.

जुनी बॅटरी नाल्यात टाकू नका, ई-कचरा संकलनात द्या. किनाऱ्याची काळजी खानदेशातूनच सुरू होते.