डोळे वटारणे इंग्रजीत कसे लिहावे?

मराठीत रागाच्या नजरेला शब्दांची वाण नाही. कोणी डोळे वटारतो, कोणी कपाळाला आठ्या घालतो, कोणी खाऊ की गिळू अशा नजरेने पाहतो. मात्र प्रत्येक प्रयोगात डोळे, कपाळ किंवा नजर यांचे नाव घ्यावेच लागते. इंग्रजीची रीत निराळी. तेथे 'ग्लेअर' या एकाच क्रियापदात डोळेही आले आणि रागही आला. नेमकी येथेच आपली मुले अडखळतात.

समजा, 'मास्तरांनी मुलाकडे डोळे वटारून पाहिले' असे लिहावयाचे आहे. एक मुलगा लिहितो, 'द टीचर ग्लेअर्ड द बॉय.' दुसरा 'मुलावर डोळे वटारले' हा मराठी प्रयोग मनात धरून 'ऑन द बॉय' लिहितो. तिसरा अधिक सावध. तो 'विथ अँग्री आइज' अशी शेपटी जोडतो. ही शेपटी व्याकरणदृष्ट्या चूक नव्हे, परंतु पाण्यात पाणी ओतण्यासारखी आहे. शुद्ध वाक्य एवढेच: 'द टीचर ग्लेअर्ड ॲट द बॉय.' हे 'ॲट' म्हणजे नजरेचा रोख होय. वाक्य कर्मणी केले तरी ते गळत नाही: 'द बॉय वॉज ग्लेअर्ड ॲट.' शेवटी एकटे उरलेले हे 'ॲट' आपल्या कानाला पोरके वाटते खरे, पण त्याची जागा तीच.

शाळेच्या उत्तरपत्रिकेत अशा चुकीने एखादा गुण जातो. अर्जात मात्र अधिक जाऊ शकते. परगावी नोकरीस असलेला तरुण वरिष्ठांविरुद्ध इंग्रजीत तक्रार लिहितो, तेव्हा 'ही स्टेअर्ड ॲट मी' म्हणजे 'त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिले'. ते कुतूहलाने असेल, आश्चर्याने असेल, वा अन्य हेतूनेही असेल. राग त्यातून सिद्ध होत नाही. 'ग्लेअर्ड' म्हटले की रागाचा आरोप झाला. त्यातही 'ही ग्लेअर्ड ॲट मी' ही एका प्रसंगाची हकिकत, तर 'ही ग्लेअर्स ॲट मी' म्हणजे 'ते नेहमीच तसे पाहतात'. घडले असेल एकदाच आणि लिहिले जाईल नेहमीचे, तर अर्ज खोटा ठरावयाचा, आणि लिहिणाराही!

या शब्दाची भावंडेही ओळखून ठेवावीत. 'ग्लॉवर' म्हणजे धुमसत, आतल्या आत राग धरून पाहत राहणे; उच्चार 'पॉवर'प्रमाणे. हा शब्द स्कॉटलंडमध्ये पूर्वी नुसते डोळे विस्फारून पाहण्यासाठी वापरीत. तेथील कवी रॉबर्ट बर्न्स याने 1791 साली प्रसिद्ध झालेल्या 'टॅम ओ' शँटर' या काव्यात तो याच जुन्या अर्थाने योजिला आहे. 'स्काउल' म्हणजे सारा चेहराच आंबट व उग्र करणे. या दोहोंनाही 'ॲट' लागते.

'फ्राउन'ची गोष्ट जरा मौजेची आहे. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ आपल्या आठ्यांसारखाच, कपाळाचा. अमेरिकेत मात्र पुष्कळ लोक त्यावरून खाली वळलेले ओठ समजतात. शिवाय माणूस नेहमी रागानेच 'फ्राउन' करतो असे नाही. अवघड गणित सोडवितानाही कपाळाला आठ्या पडतातच. 'फ्राउन ॲट' म्हणजे कोणाकडे आठ्या घालून पाहणे, तर 'फ्राउन ऑन' म्हणजे एखादी गोष्ट नापसंत करणे; मग प्रत्यक्ष कपाळावर आठी नसली तरी चालते.

'ग्लेअर'चा मूळ अर्थ मात्र रागाचा नव्हेच. तो झगझगीत प्रकाशाचा आहे. राग मागाहून आला. समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांनी डोळे दिपतात, त्या झगमगाटालाही 'ग्लेअर'च म्हणतात. 'ग्लेअरिंग मिस्टेक' म्हणजे रागावलेली चूक नव्हे, तर डोळ्यांत भरणारी, ढळढळीत चूक. आणि 'शेतांवर ऊन रणरणत होते' हे इंग्रजीत लिहावयाचे झाल्यास 'द सन ग्लेअर्ड डाउन ऑन द फील्ड्स' असे लिहिता येईल. त्या दुसऱ्या मुलाचे 'ऑन' येथे अगदी बरोबर बसते.