माळवदाचे घर व थंडीपासून संरक्षण

मातीच्या सपाट छपराचे मराठवाड्यातील पारंपरिक घर. यास धाब्याचे घर असेही म्हणतात. परभणी जिल्हा कडक उन्हाळ्याबद्दल प्रसिद्ध असला, तरी समुद्रापासून दूर असल्याने तेथील हिवाळी रात्रीही बऱ्याच थंड असतात. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र व हवा कोरडी असते. दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते आणि किमान तापमान काही वेळा ५° से.च्या खाली उतरते. दुपारी मात्र ऊन चांगलेच जाणवते. थंडीचे हे रोज ओसरणारे स्वरूप लक्षात घेतल्यावाचून माळवदाची रचना उमगत नाही.

भिंती पांढऱ्या मातीच्या, किंवा मातीत बसविलेल्या दगडांच्या असून त्यांची जाडी सामान्यतः ४५ सेंमी. वा त्याहून अधिक असते. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर व त्यांवर फळ्या किंवा चिरफळ्या बसवितात. त्यांवर पाला, तुराट्या इ. पसरून मातीचा थर देतात व तो चोपून घट्ट करतात. काळी माती पाण्याने फुगते व वाळताच भेगाळते. म्हणून छपरास पांढरी मातीच लागते. (वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ व शेतजमिनीस ‘काळी’ म्हणण्याचा प्रघात येथे सहज आठवतो.) पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकणे हे दरवर्षीचे काम होय.

मातीची उष्णता साठविण्याची क्षमता मोठी असते. ४५ सेंमी. जाडीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचण्यास सु. दहा ते बारा तास लागतात. म्हणजे ती मध्यरात्रीच्या सुमारास, नेमकी गरजेच्या वेळी, घरात उतरते. छपरातील पाल्यात व काड्यांत अडकलेली हवा उष्णतेस बाहेर जाऊ देत नाही. खिडक्या मोजक्या व लहान असतात. छपरातील उजेडाचे भोक, म्हणजे साने, रात्री झाकता येते. चुलीची ऊबही आत टिकते, परंतु तिच्याबरोबर धूरही कोंडतो, हा दोष दुर्लक्षिण्याजोगा नाही.

लडाखमधील घरांचे छप्परही सपाट व मातीचे असते. तथापि तेथील थंडी अनेक महिने हटत नाही व साठविलेली उष्णता एकट्याने पुरत नाही. म्हणून दक्षिणेकडील ऊन आत घेणे, तळमजल्यावर जनावरे बांधणे आणि छपरावर चारा व सरपण रचणे अशा उपायांची जोड तेथे दिली जाते.

माळवदाची ऊब ज्या वजनातून येते, त्यातच त्याचा धोकाही आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य दगडमातीच्या भिंती व जड छपरे यांखाली सापडली. तेव्हापासून मराठवाड्यात माळवदाविषयी भीती बसली आणि अनेकांनी पत्रे घातले. परभणीसही भूकंपाचे धक्के अपरिचित नाहीत. २१ मार्च २०२४ रोजी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील भूकंप तेथे जाणवला. पत्रा अंगावर कोसळण्याचे भय कमी. परंतु निरभ्र रात्री तो बाहेरील हवेपेक्षाही थंड होतो आणि उन्हाळ्यात भाजून काढतो. छपरावरील मातीचा साचलेला थर कमी करणे, दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड व दारांच्या माथ्याशी सलग काँक्रीटचा पट्टा घालणे यांनी जुने घर पुष्कळ सुरक्षित करता येते. पत्र्याच्या घरात छताखाली हवेची पोकळी सोडून बांबूचे तट्टे वा काड्यांचा थर बसविल्यास उबेचा काही अंश परत मिळतो.